क्रिकेटसोबत मालिकाही : ओटीटी वर्गणीचे गणित

जबलपूर : आयपीएलचे सामने आणि ‘स्टार प्रवाह’च्या मालिका इंटरनेटवर पाहणाऱ्या येथील मराठी कुटुंबांना दोन्हींसाठी ‘जिओहॉटस्टार’ हे एकच ठिकाण आहे. रिलायन्स व डिस्ने यांच्या भारतीय माध्यम व्यवसायांच्या विलीनीकरणानंतर ते १४ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाले. त्यावेळी एका मोबाइलसाठी, जाहिरातींसह, तीन महिन्यांची वर्गणी १४९ रुपये, तर वर्षाची ४९९ रुपये होती.

केबल व डीटीएचवर प्रत्येक सशुल्क वाहिनी स्वतंत्रपणेही देण्याचे बंधन दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) नियमांनुसार २०१९ पासून आहे. ओटीटीला ते लागू नाही. परिणामी, केवळ क्रिकेट हवे असले तरी या योजनांत संपूर्ण पॅकेजचीच किंमत मोजावी लागते.

आयपीएल सुमारे दोन महिने चालते. तेवढ्यासाठी त्रैमासिक वर्गणी पुरेशी ठरते. मात्र तिचे आपोआप होणारे नूतनीकरण वेळीच बंद करावे.