गोखरूचा काढा आणि वाढलेले प्रोस्टेट : गैरसमज व वस्तुस्थिती

साठीच्या पुरुषाच्या लघवीची धार बारीक झाली, रात्री तीन-चारदा उठावे लागू लागले, की गोव्याच्या पेडणे तालुक्यात डॉक्टरच्या आधी गावठी वखदाची आठवण होते. कोणी गोखरूचा काढा सुचवतो, कोणी पुनर्नव्याची मुळी, कोणी वायवर्ण्याची साल, तर कोणी भोपळ्याच्या बिया. या वनस्पतींना मोठी परंपरा आहे. त्यांच्याभोवती साचलेले समज मात्र तपासून घ्यावे लागतात.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असलेली ग्रंथी. तरुणपणी तिचे वजन सुमारे 20 ग्रॅम असते. वयाबरोबर तिचा आतला भाग वाढतो. पन्नाशी ते साठीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. वाढ झालेल्या प्रत्येकाला त्रास होत नाही. मोठी ग्रंथी असूनही कोणाची लघवी सुरळीत असते, तर थोड्याशा वाढीनेही कोणाची धार अडते. म्हणून सोनोग्राफीतला ग्रॅमचा आकडा पाहून घाबरून जाऊ नये आणि तेवढ्यावर निर्धास्तही होऊ नये.

सगळ्यात रुजलेला समज असा, की लघवी साफ करणारे औषध घेतले म्हणजे अडथळा सुटतो. गोखरू आणि पुनर्नवा आयुर्वेदात मूत्रल, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणारी मानली जातात. पण या दुखण्यात लघवी कमी तयार होते असे नसते. ती बाहेर पडायची वाट अरुंद झालेली असते. खाजन शेताच्या मानशीचे, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेचे, दार अडकले असताना आत आणखी पाणी सोडले तर शेतच बुडते. रात्री झोपताना पेलाभर काढा घेतला, तर उठण्याच्या खेपा वाढण्याचीच शक्यता जास्त. लघवी पूर्ण तुंबलेली असताना ‘भरपूर पाणी पी, आपोआप सुटेल’ हा सल्ला तर घातकच ठरतो.

गोखरू या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती मिळतात, हेही अनेकांना माहीत नसते. लहान गोखरूचे फळ पाच काटेरी फाकांचे असते आणि चालताना चपलेच्या तळव्यात रुतते. मोठा गोखरू निराळ्या कुळातला. त्याचे फळ चौकोनी, कोपऱ्यांवर काटे असलेले. मोठ्या गोखरूची ताजी पालेदार फांदी पाण्यात घोळवली की पाणी बघता बघता अळशीच्या पाण्यासारखे बुळबुळीत होते. ते पाहून लघवीची जळजळ शमेल असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो बुळबुळीतपणा पोटात पचतो, प्रोस्टेटपर्यंत पोहोचत नाही.

आयुर्वेदात या दुखण्याचे वर्णनच नाही, असे म्हणणेही चुकीचे. लघवी अडण्याच्या विकारांना मूत्राघात म्हणतात. सुश्रुताने त्याचे 12 प्रकार सांगितले, चरकाने 13. त्यांतल्या वाताष्ठीलेत गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होते असे म्हटले आहे. प्रोस्टेटच्या जागेशी हे वर्णन जुळते, म्हणून आजचे वैद्य दोन्हींची सांगड घालतात. वर्णन अचूक असले तरी त्यावरचे औषधही लागू पडते असे त्यातून सिद्ध होत नाही. ते पाहायला चाचणीच हवी.

आणि चाचण्या काय सांगतात? जगात सर्वाधिक खपणारे या प्रकारचे औषध म्हणजे सॉ पाल्मेटो या अमेरिकी खुज्या ताडाच्या फळांचा अर्क. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 225 पुरुषांपैकी काहींना वर्षभर हा अर्क आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. लक्षणे, धारेचा वेग, ग्रंथीचा आकार, कशातच फरक पडला नाही. डोस कमी पडला असेल या शंकेपोटी 2011 च्या चाचणीत तो तिपटीपर्यंत वाढवला; निकाल तोच. भोपळ्याच्या बियांची जर्मनीतील चाचणी 1,400 हून अधिक पुरुषांवर झाली. बिया खाणाऱ्यांपैकी सुमारे 58 टक्क्यांना वर्षअखेर ठळक आराम वाटला, निष्क्रिय औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 47 टक्क्यांना. बियांच्या अर्काच्या कॅप्सूलचा मात्र विशेष उपयोग दिसला नाही. हा 47 चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. काहीही औषध न घेता जवळजवळ निम्म्यांना बरे वाटते, कारण हा त्रास मुळात कमी-जास्त होत राहतो. शेजाऱ्याला काढ्याने गुण आला ही गोष्ट खोटी नसते. गुण काढ्याचाच होता का, हे त्यावरून ठरत नाही. बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पतिज घटकाने लक्षणे आणि धार थोडी सुधारल्याचे लहान चाचण्यांत दिसले, ग्रंथी मात्र लहान झाली नाही. ग्रंथी लहान करणारी औषधे आहेत, फिनास्टेराइडसारखी; तीही साधारण पाव भागाने, आणि त्यासाठी सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.

झाडपाल्याने अपाय होत नाही, हा समज सर्वांत धोक्याचा. लघवीच्या तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या चंद्रप्रभा वटीत गुग्गुळ आणि शिलाजिताबरोबर लोहभस्म व स्वर्णमाक्षिक भस्मही असते. म्हणजे ती निव्वळ वनस्पती नव्हे. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अहवाल 2004 साली प्रसिद्ध झाला. दम्यासाठी धोतऱ्याचा वापर करणाऱ्याची लघवी त्यानेच तुंबू शकते. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही हेच होते.

प्रोस्टेट मुळापासून बरे करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विसंबू नये. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याच्या सूचीत प्रोस्टेटचे विकार आहेत. त्यांवर उपचाराचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे.

प्रोस्टेटची साधी वाढ पुढे कर्करोगात बदलत नाही. पण एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात, आणि सुरुवातीची लक्षणे वरून वेगळी ओळखता येत नाहीत. काढ्यावर सहा महिने काढले की तपासणीचे तेवढेच महिने जातात, खरे नुकसान होते ते इथे.

आयुर्वेदाकडेच जायचे असेल तरी पेडण्याच्या रुग्णाला आता लांब जावे लागत नाही. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान 11 डिसेंबर 2022 पासून उभे आहे; शस्त्रक्रियेची गरज पडली तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. कुठेही जाताना तीन दिवसांची नोंद न्यावी: किती वाजता, किती लघवी झाली, रात्री किती वेळा उठावे लागले. एक जुना मापाचा मग त्याला पुरतो. चालू असलेल्या काढ्याची पुडी आणि गोळ्यांची डबीही सोबत घ्यावी. संध्याकाळनंतर चहा आणि फेणी बंद केली, तर अनेकांचे रात्रीचे उठणे औषधाविनाच कमी होते. मात्र लघवीत रक्त दिसले, ताप आला, नकळत थेंब गळू लागले किंवा लघवी एकदम बंद पडली, तर काढा उकळत बसू नये. त्याच रात्री इस्पितळ गाठावे.