आवाजाची पातळी

माझ्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या आईने गायिलेल्या जात्यावरच्या ओव्यांची एक जुनी ध्वनिफीत होती. 2009 साली त्यांनी ती संगणकावर उतरवून घेतली. आईचा आवाज मुळात हळू, म्हणून पातळी बरीच चढवून ठेविली. आणि काम झाले असे समजून फीत टाकून दिली. आता आई जेथे स्वर उंच लावते, तेथे आवाज फाटतो. पातळी मागाहून कितीही उतरविली तरी तो फाटलेलाच ऐकू येतो.

असे का व्हावे? अंकीय ध्वनीत स्वराची लहर अंकांनी लिहिलेली असते. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदास 44,100 वेळा लहरीची उंची नोंदविली जाते, आणि ती उणे 32,768 पासून अधिक 32,767 पर्यंतच. त्यापलीकडे अंकच नाही. लहर याहून उंच गेली की तिचा माथा सपाट छाटला जातो. शेर भरल्यावर सांडलेले दूध, मागाहून मोठे माप आणले म्हणून परत येत नाही. उलट, हळू नोंदलेला आवाज पुढे वाढविता येतो. त्याबरोबर फितीची खरखर वाढते खरी, पण ओवी शाबूत राहते. म्हणून उतरविताना वर थोडी जागा मोकळी सोडावी. पुढे एमपी3 करावयाचे असेल, तरीही एखादा डेसिबेल हाताशी असावा. कारण त्या रूपांतरात लहरीचा आकार किंचित बदलतो आणि शिखरे मुळाहून उंच जाऊ शकतात.

निरनिराळ्या ध्वनिमुद्रिका एकत्र केल्या की दुसरी अडचण येते. एक गाणे कुजबुजते, पुढचे अंगावर येते. पुष्कळ जण प्रत्येकाचे सर्वोच्च शिखर एका उंचीला आणतात. पण जुन्या तबकडीवरचा एखादा ओरखडाच ते शिखर ठरवितो, आणि गाणे बिचारे खालीच राहते! कानाला जाणवतो तो काही काळाचा सरासरी जोर. तो मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2006 साली ठरवून दिली. त्याआधीच, 2001 साली, डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रिप्लेगेन’ नावाची युक्ती मांडली होती. तीत मूळ अंकांना हात न लावता, ‘हे गाणे इतके डेसिबेल उतरवून वाजवावे’ एवढी टीप फाइलीत लिहून ठेवितात. टीप पटली नाही तर पुसता येते.

येथे आपल्या संगीतापुरते एक सांगितले पाहिजे. विलंबित आणि द्रुत ख्याल वेगळ्या फाइलींत असले, तर प्रत्येकाची पातळी निराळी बसवू नये. तसे केले की गायकाने धिम्या आलापीतून चढवीत नेलेला जोर नाहीसा होतो, आणि तानेइतकाच मोठा तानपुरा वाजू लागतो. दोहोंना मिळून एकच टीप लावावी. रिप्लेगेनमध्ये तशी सोय पहिल्यापासून आहे.