पाळणा तयार, फाइल बीजिंगमध्ये

मूल अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नसायचं, पण त्याच्या नावाने पार्सल निघायचं. आत एक मऊ पांघरूण, एखादं कापडी खेळणं, एकदाच वापरायचा स्वस्तातला कॅमेरा आणि छोटासा अल्बम. हे बाबा, ही आई, हा दादा, हा आपला कुत्रा, ही तुझी खोली. फोटोंखाली चिनी अक्षरांतल्या ओळी, त्याही कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या. अनाथालयातल्या मावशींना विनंती असायची, की बाळाचे चार फोटो काढून ठेवा. काही घरांना तो कॅमेरा बाळाबरोबर परत मिळायचा, काहींना कधीच नाही.

चीनमधून मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची ही रीत होती. चीनचा दत्तक कायदा 1992 मध्ये अमलात आला. तेव्हापासून सुमारे 1 लाख 60 हजार मुलं परदेशी घरांत गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त, 82 हजारांच्या आसपास, अमेरिकेत. सुरुवातीच्या वर्षांत बहुतेक सगळ्या मुलीच. सरकारचा हुकूम एका मुलाचा आणि घराला हवा मुलगा, मग मुलीचं काय होतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बाजारात, रेल्वे स्थानकाबाहेर, अनाथालयाच्या फाटकाशी त्या सापडायच्या. जन्मतारीख अंदाजाने ठरायची, नाव संस्था द्यायची. मग तिथल्या वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात यायची आणि ठरलेल्या मुदतीत कुणी पुढे आलं नाही, तर मूल दत्तकासाठी मोकळं व्हायचं.

यांतली अनेक घरं श्रद्धाळू ख्रिस्ती होती. या सगळ्यात धर्म कुठून आला? त्यासाठी कोरियापर्यंत मागे जायला हवं. ऑरेगन राज्यातले हॅरी आणि बर्था होल्ट हे शेती करणारं, कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती जोडपं. स्वतःची सहा मुलं असताना कोरियन युद्धात पोरक्या झालेल्या मुलांची हकिकत कळली आणि त्यांनी आठ मुलं घरी आणायचं ठरवलं. तेव्हाच्या कायद्यात दोनच बसत होती. 1955 मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला. पुढे होल्ट यांनी इतरांसाठीही मुलं आणायला सुरुवात केली. पालकांनी कोरियाला जायचीही गरज नव्हती, मुखत्यारपत्रावर दत्तकविधान उरकायचं. घर श्रद्धाळू असलं की त्यांना पुरेसं वाटे. समाजसेवेचं शिक्षण घेतलेले लोक तेव्हाच कुरकुरत होते, पण विमानतळावर उतरणाऱ्या गोजिरवाण्या बाळांपुढे त्यांचं कोण ऐकणार! त्या कुरकुरीचा निकाल लागायला मार्च 2025 उजाडलं. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने सांगितलं, की परदेशी गेलेल्या अनेक मुलांची कागदपत्रं फिरवलेली होती आणि त्याला सरकार जबाबदार होतं. ज्यांचे आईबाप जिवंत होते, अशी मुलंही कागदावर अनाथ झाली होती.

होल्ट यांची ती ऊर्मी मात्र अमेरिकी चर्चमध्ये टिकून राहिली. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांची विचारपूस हेच खऱ्या धर्माचं लक्षण सांगितलं आहे. त्यामुळे दत्तक घेणं हे तिथल्या अनेकांना देवाचं बोलावणं वाटतं. दत्तकाच्या खर्चासाठी पैसे उभे करण्याच्या त्यांच्या तऱ्हाही मजेदार. अंगणात जुन्या सामानाची विक्री तर असतेच. शिवाय पाचशे तुकड्यांचं कोडं आणायचं, प्रत्येक तुकडा देणगीदाराला 'विकायचा', त्याच्या मागे देणगीदाराचं नाव लिहायचं आणि पुरं झालेलं चित्र दोन्ही बाजूंनी काच लावून बाळाच्या खोलीत टांगायचं. वर्गणीची पावती इतकी जपून ठेवणारी मंडळी मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मग फाइल. गृहचौकशी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचे कागद, नोटरी, राज्याचा शिक्का, चिनी वकिलातीचा शिक्का. एवढं बाड बीजिंगला गेलं की नोंदणीची तारीख मिळायची, आणि घर त्या तारखेवर जगायला लागायचं. दर महिन्याला कळायचं, की अमुक तारखेपर्यंतच्या फाइलींना मुलं मिळाली. आधी हे काम वर्षाच्या आत व्हायचं. 2005 मध्ये जवळपास 8 हजार मुलं अमेरिकेत गेली. त्यानंतर अर्ज वाढले आणि मुलं कमी झाली. 2007 मध्ये चीनने अटी कडक केल्या: वय, उत्पन्न, लग्नाला झालेली वर्षं, अगदी अर्जदाराचा लठ्ठपणासुद्धा. रांग महिन्यांवरून वर्षांवर गेली. ज्यांना लवकर मूल हवं होतं, त्यांनी दुभंगलेल्या ओठाचं, हृदयविकाराचं मूल स्वीकारलं, आणि पुढे पुढे तर बहुतेक मुलं अशीच असायची.

या काळात लोकांना धरून ठेवलं ते प्रार्थनेने आणि लाल धाग्याच्या चिनी कथेने. ज्यांची भेट व्हायची आहे त्यांच्यात एक अदृश्य लाल धागा असतो, तो ताणतो, गुंततो, पण तुटत नाही. मूळ कथेत हा धागा नवरा-बायकोचा, आपल्या लग्नाच्या गाठींसारखा. दत्तक पालकांनी तो उचलून पाळण्याला बांधला. प्रवासाची परवानगी आली की कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा पोटाशी बांधून निघायचं, कारण अनाथालयाची ठरलेली देणगी बहुधा रोखीत असायची. शेवटचा मुक्काम ग्वांगझूला, अमेरिकी व्हिसासाठी. तिथल्या शामियान बेटावरच्या व्हाइट स्वान हॉटेलात बाबागाड्यांची इतकी गर्दी असे, की मॅटेल कंपनीने या पाहुण्यांसाठी कडेवर चिनी बाळ घेतलेली खास बार्बी काढली होती.

कडेवरच्या त्या बाळाचा आधीचा इतिहास कुणी विचारत नसे. 2005 मध्ये हुनान प्रांतात एक टोळी पकडली गेली. टोळी बाळं विकत होती आणि अनाथालयं ती बाळं विकत घेत होती. 2011 मध्ये 'त्साइशिन' या चिनी नियतकालिकाने याच प्रांतातल्या लाँगहुई तालुक्याची बातमी छापली. कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी दंड न भरणाऱ्या घरांतून मुलं उचलली होती आणि त्यांतली काही दत्तक म्हणून परदेशी गेली होती. श्रद्धेच्या जोरावर माणूस वर्षानुवर्षं थांबू शकतो, हे खरं. पण देवाने आपल्यासाठीच राखून ठेवलेलं मूल असं एकदा मनाने घेतलं, की त्याच्या कागदाकडे संशयाने बघायला मन तयार होत नाही. जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर हैतीतून 33 मुलांना सीमेपार नेताना दहा अमेरिकी ख्रिस्ती स्वयंसेवक पकडले गेले. त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईबाप हयात होते. त्या स्वयंसेवकांच्या हेतूबद्दल मला फारशी शंका नाही, म्हणूनच ते उदाहरण जास्त अस्वस्थ करतं. त्यामुळे चौकशीला लागणारा वेळ मी वाया गेलेला मानत नाही.

2020 नंतरची प्रतीक्षा मात्र वेगळी होती. करोनामुळे चीनने दत्तकाचं काम थांबवलं, तेव्हा शेकडो अमेरिकी कुटुंबांना मूल ठरवून मिळालेलं होतं. फोटो भिंतीवर, नाव ठरलेलं, खोली रंगवलेली. अमेरिकी परवान्याची मुदत पंधरा महिन्यांची, म्हणून बोटांचे ठसे पुन्हा आणि गृहचौकशी पुन्हा. चार वर्षांच्या मुलासाठी आणलेले कपडे त्याच्या अंगाला लागण्याआधीच लहान झाले. ऑक्टोबर 2022 ते सप्टेंबर 2023 या वर्षात चीनमधल्या दत्तक मुलांसाठी फक्त 16 अमेरिकी व्हिसा निघाले. 5 सप्टेंबर 2024 रोजी चिनी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी जाहीर केलं, की नात्यातली किंवा सावत्र मुलं सोडली तर परदेशी दत्तक बंद. घटता जन्मदर पाहता दार बंद होणं समजण्यासारखं आहे. पण फाइल पुरी झालेल्या, घरच्यांचा अल्बम हातात मिळालेल्या मुलांनाही त्यातून वगळलं नाही. रशियाने 2013 पासून अमेरिकी दत्तकावर बंदी घातली, तेव्हाही हेच घडलं होतं, आणि 2017 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ती बंदी भेदभाव करणारी ठरवली. चीनविरुद्ध दाद मागायला असं न्यायालयही नाही. माझ्या मते हा त्या मुलांवर उघड अन्याय आहे.

आपल्याकडूनही मुलं परदेशी जातात. ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेटपटू लिसा स्थळेकर पुण्यात जन्मली, ससून रुग्णालयाच्या आवारातल्या 'श्रीवत्स' अनाथालयातून हरेन आणि स्यू स्थळेकर यांच्या घरी गेली. 1984 च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला शिस्त लावली, 1990 मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा आली आणि 2003 मध्ये भारताने परदेशी दत्तकाबाबतचा हेग करार मान्य केला. आता भारताबाहेर जाणारी मुलं वर्षाला काही शेच असतात, त्यांतली बरीच वयाने मोठी, भावंडांसह किंवा विशेष गरजांची. मूल गेल्यावरही दोन वर्षं त्याचे अहवाल मागवले जातात.

तेव्हा न्यू जर्सीतल्या किंवा दुबईतल्या आपल्या भाचीला, पुतण्याला इथलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर ओळखीच्या डॉक्टरला, संस्थेतल्या बाईंना फोन लावून देऊ नका. मूल नात्यातलं असलं तरी 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र लागतंच. नोंदणी 'कारा'कडेच करायला सांगा, आणि रांग कितीही लांब असली तरी तिच्यातच थांबायला सांगा.