संशोधकाच्या कामाचे मोजमाप

कामाचे मोजमाप हा विषय आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना नवा नाही. उक्त्या कामात मालक केवळ नग मोजू लागला, की मालाचा कस उतरतो आणि मजुराची कंबर मोडते, हे आम्ही जन्मभर पाहत आलो. विद्येच्या कारखान्यातही आज हीच पद्धत शिरली आहे. जनावरांच्या साथींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचे मोठेपण बहुधा दोन आकड्यांवर ठरवले जाते : त्याचे शोधनिबंध किती, आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला. हे आकडे कसे निघतात, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानेही समजून घ्यावे; कारण ज्या गोठ्यावरून हे निबंध लिहिले जातात तो गोठा त्याचा आहे.

शास्त्रज्ञ निबंध लिहितो तेव्हा ज्यांच्या कामावर त्याने पुढचा थर चढवला, त्यांची नावे शेवटी देतो. या उल्लेखांची जंत्री करावी, ही कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली मांडली. एखाद्या शोधाचे पुढे काय झाले, हे अभ्यासकाला सापडावे हा तिचा मुख्य उद्देश होता. पण सूची हाती आल्यावर माणसे मोजण्याचा मोह आवरला नाही. २००५ साली हर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने एकच आकडा सुचवला. तो असा : एकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ४०, १२, ६, ४ व १ आहेत. निदान चार उल्लेख मिळालेले निबंध चार, म्हणून त्याचा अंक ४. दुसऱ्याच्या एकाच निबंधाचा उल्लेख ९०० वेळा झाला आणि बाकीच्या चारांचा एकदाही नाही, तर त्याचा अंक १! दोघांत थोर कोण, हे या अंकावरून सांगता येईल काय?

साथरोगशास्त्राचा पहिलाच धडा असा, की नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. गावात दहा जनावरे मेली, एवढ्याने साथीचे स्वरूप कळत नाही. गावात जनावरे ५० होती की ५०००? आजारी किती पडली आणि आजाऱ्यांपैकी किती दगावली? २०२२ साली शेजारच्या जळगाव जिल्ह्यापाठोपाठ आपल्या जिल्ह्यातही लम्पी पसरला, तेव्हा हेच प्रश्न महत्त्वाचे होते. हाच नियम शास्त्रज्ञालाही लावला पाहिजे. माणसांच्या रोगांवर लिहिणारे पुष्कळ, म्हणून तेथे उल्लेखही पुष्कळ. गुरांच्या रोगांवर लिहिणारे थोडे, म्हणून उल्लेखही थोडे. तरुणाचा अंक लहान असतो, कारण त्याची वर्षेच थोडी. शिवाय चुकीचा निबंध खोडून काढण्यासाठी दहा जणांनी त्याचे नाव घेतले, तरी तेही उल्लेखांतच जमा होते.

बुळकांडीचेच उदाहरण घ्या. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स यांनी शेळ्यांत रोगविष वाढवून लस सिद्ध केली. १९६२ साली प्लोराइट व फेरिस यांनी केनियातील कामावरून पेशींत वाढवलेल्या लसीचा निबंध प्रसिद्ध केला. भारतात १९५४ पासून राष्ट्रीय मोहीम चालली, आणि २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा झाली. निबंध मोलाचे होतेच. पण निबंध गावोगाव फिरून सुई टोचत नाही. ते काम ज्यांनी केले त्यांची नावे कोणत्या सूचीत आहेत?

हीच आमची मुख्य तक्रार. पशुधन पर्यवेक्षक रोग झालेल्या जनावरांची नोंद करतो, दवाखान्याचा परिचर जनावर धरतो, शेतकरी गाभण गाय केव्हा आजारी पडली ते सांगतो. त्या नोंदींवर निबंध उभा राहतो. सरकारी अहवाल आणि मराठीत लिहिलेले मार्गदर्शन मात्र या मोजणीत जवळजवळ येतच नाही. उलट, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आणली, तीत छापलेल्या निबंधाला गुण होते. मग पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले. नग मोजले की नगच मिळतात.

मोजमाप नकोच, असे आमचे म्हणणे नाही. हिशेब न देणारा विद्वान आम्हाला हिशेब न देणाऱ्या मालकाइतकाच नापसंत आहे. पण प्रश्न योग्य विचारावेत. जनावरे किती तपासली आणि ती कशी निवडली? गावे सडकेजवळचीच घेतली की सातपुड्याच्या पायथ्याची जळगाव जामोद, संग्रामपूरकडचीही? मूळ नोंदी इतरांना पाहायला खुल्या आहेत काय? दुसऱ्याने तेच काम करून पाहिले तर तेच उत्तर आले काय? नोंदी आणणाऱ्याचे नाव दिले आहे काय? आणि शेवटी, ज्या गावातून माहिती नेली, त्या गावाला निष्कर्ष त्याच्या भाषेत कळवला काय? पुढच्या वेळी अभ्यासक आपल्या गोठ्याशी आला, तर त्याला चहा द्या, जनावर दाखवा, आणि हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा.