कवळीची विद्या

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही मराठीतील एक जुनी म्हण आहे. दैवाची उलटी चाल दाखविण्यासाठी ती वापरतात. परंतु तिच्यातील अर्धे दुःख अगदी खरेखुरे आहे. ज्याचे दात गेले, त्याच्या ताटातून भाकरी, शेंगदाणे, पेरू हे पदार्थ एकेक करून नाहीसे होतात. गाल बसतात आणि वाणीही बदलते. व्याकरणात त, थ, द, ध, न या वर्णांना दंत्य म्हणतात. कारण ते उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. दातच नसले की हे उच्चार अस्पष्ट होतात. आपले बोलणे इतरांना समजत नाही असे पाहून कित्येक वृद्ध माणसे चारचौघांत बोलणेच टाकून देतात. हे दुःख हलके करणारी वस्तू म्हणजे कवळी होय.

कवळीची कल्पना आजची नव्हे. १५३८ साली निधन पावलेल्या एका जपानी बौद्ध भिक्षुणीची लाकडी कवळी जपानमध्ये जतन करून ठेवलेली आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली अधिकारपद स्वीकारले, तेव्हा त्यांच्या मुखात स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या अशी समजूत आहे. वस्तुतः त्या हस्तिदंतासारखे प्राण्यांचे दात, माणसांचे दात आणि धातू यांपासून बनविलेल्या होत्या. त्या जागेवर राहाव्यात म्हणून त्यांना स्प्रिंगा लावीत. पुढे एकोणिसाव्या शतकात गंधक मिसळून कठीण केलेले रबर आले व कवळी स्वस्त झाली. १९३० नंतरच्या दशकात हिरडीसारखा रंग देता येणारे ॲक्रिलिक आले. त्याचाच उपयोग आजही होतो.

मग आजची कवळी स्प्रिंगेवाचून तोंडात राहते कशी? काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये पाण्याचा थेंब ठेवून ते एकमेकांवर दाबले, तर ते सहजासहजी वेगळे होत नाहीत. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर हेच कार्य करतो. मात्र त्यासाठी कवळीची आतील बाजू हिरडीशी तंतोतंत जुळली पाहिजे. तिची कड लांब झाली, तर गाल हलताच कवळी उचलली जाते. आखूड राहिली, तर कडेने हवा शिरते. वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो. खालच्या कवळीच्या वाट्याला मात्र अरुंद जागा आणि सदैव हलणारी जीभ येते. म्हणून खालची कवळी बसविणे अधिक कठीण असते.

हे सारे साधण्याचे शिक्षण दंतवैद्यक महाविद्यालयात मिळते. प्रथम वर्षी विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो. प्रत्येक दाताचे उंचवटे व खाचा त्याच्या बोटांच्या ओळखीच्या व्हाव्यात, हा त्यामागील हेतू असतो. दुसऱ्या वर्षी तो प्रयोगशाळेत कवळी घडवू लागतो. रुग्णाच्या तोंडाचे माप कसे घ्यावे, त्यात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती कशी काढावी, तिच्यावर मेणाची भिंत कशी उभारावी आणि जबड्याची हालचाल दाखविणाऱ्या उपकरणावर त्या प्रतिकृती कशा बसवाव्यात, हे तो क्रमाने शिकतो. नंतर मेणात एकेक दात रोवायचा असतो. वरचे चौदा व खालचे चौदा असे अठ्ठावीस दात एकमेकांशी अचूक भिडले पाहिजेत. एक दात किंचित उंच राहिला, तरी चावताना सगळा भार त्याच्यावर पडतो आणि कवळी डळमळते.

शेवटी मेण वितळवून काढतात व त्या जागी ॲक्रिलिक भरून ते गरम पाण्यात शिजवितात. येथे उतावळेपणा चालत नाही. ॲक्रिलिकमधील द्रव सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळतो. ते एकदम तापविले, तर आत बुडबुडे राहून कवळी ठिसूळ होते. म्हणून पाणी सुमारे ७४ अंशांवर पुष्कळ तास ठेवण्याची रीत आहे.

आता या विद्येत संगणकाचा प्रवेश झाला आहे. फ्रान्समधील फ्रांस्वा द्युरे यांनी १९७३ साली आपल्या प्रबंधात प्रकाशाच्या साहाय्याने दातांचे माप घेण्याची कल्पना मांडली. १९८५ साली झुरिच विद्यापीठात संगणक व यंत्र यांच्या मदतीने रुग्णाच्या दातासाठी भरण तयार करण्यात आले. १९९४ साली जपानी संशोधकांनी संगणकाच्या साहाय्याने कवळी घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज लहानशा कॅमेऱ्यासारखे उपकरण तोंडात फिरविले की पडद्यावर जबड्याचे चित्र उमटते. त्यावर दातांची मांडणी करून यंत्राला आज्ञा दिली जाते. एक यंत्र कठीण ॲक्रिलिकच्या चकतीतून कवळी कोरते. दुसरे यंत्र द्रव रसायनाचे अतिशय पातळ थर प्रकाशाने कठीण करीत ती उभारते. चकती आधीच घट्ट झालेली असल्यामुळे तिच्यातून कोरलेली कवळी नंतर आकसण्याचे भय उरत नाही. आकृती जतन राहत असल्याने कवळी हरवली, तर पुन्हा माप न घेताही दुसरी बनविता येते.

असे असता विद्यार्थ्याने मेण कोरण्यात दिवस का घालवावेत? कारण यंत्र अचूक असले, तरी ते दिलेले मापच पाळते; माप बरोबर आहे की नाही, हे ते सांगत नाही. दात नसलेले तोंड मऊ, ओलसर व हलते असते. कड कोठे थांबावी, हे गाल व ओठ हलवून पाहिल्यावरच उमगते. ज्याच्या बोटांनी ही कड घडविली आहे, त्यालाच पडद्यावरील चूक दिसते.

कवळी हाती पडली म्हणजे काम संपले, असेही नाही. पहिल्या दिवसांत ती कोठे तरी टोचते. दंतवैद्य ती जागा शोधून किंचित घासतो. वर्षानुवर्षे जबड्याचे हाड झिजते, तशी कवळी सैल होते व तिला आतून नवा थर द्यावा लागतो. रुग्णालाही धीर धरून नव्याने चावण्यास व बोलण्यास शिकावे लागते. यंत्र हाताचे श्रम हलके करील. परंतु समोर बसलेल्या वृद्धाला भाकरीचा तुकडा सुखाने चावता येतो की नाही, हे विचारण्याचे काम माणसाचेच राहील. या विद्येची खरी परीक्षा त्या एका घासात आहे.