फौजा जातात, रसद तुटते

परकीय फौजा मायदेशी परतल्या की त्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली राजवट लगोलग कोसळते, असा सर्वसाधारण समज आहे. अफगाणिस्तानने परकीय सैन्याची माघार दोन वेळा पाहिली आणि दोन्ही वेळचा अनुभव वेगळा होता.

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमूदर्यावरील पूल ओलांडून सोव्हिएत भूमीत परतले, तेव्हा नजीबुल्ला यांची राजवट थोड्याच महिन्यांची सोबती आहे, असे अनेक जाणकारांचे भाकीत होते. ते खोटे ठरले. मार्चमध्ये मुजाहिदीनांनी जलालाबादवर चढाई केली. अफगाण सैन्याने शहर राखले आणि नजीबुल्ला पुढे तीन वर्षे टिकले. सैनिक गेले तरी मॉस्कोहून इंधन, धान्य, दारूगोळा आणि पैसा येतच होता. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ लयाला गेला आणि हा ओघ आटला. दोस्तम यांच्यासारखे सरदार उलटले आणि एप्रिल १९९२ मध्ये राजवट संपली. विजयी गटांनी मग आपसांत लढून काबूल उद्ध्वस्त केले. तालिबानचा उदय याच अराजकातून झाला.

२९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेने दोहा येथे तालिबानशी करार केला. त्यात काबूलचे सरकार पक्षकारच नव्हते. पुढे सैन्याबरोबर अफगाण विमानांची देखभाल करणारे परदेशी तंत्रज्ञही परतले. दूरच्या ठाण्यांना रसद पोचेना, सैनिकांचे मनोधैर्य खचले आणि शेवटचा अमेरिकी सैनिक निघण्यापूर्वीच, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, काबूल पडले.

सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भार परकीय मदतीवर होता. ती थांबली, मध्यवर्ती बँकेच्या परदेशातील ठेवी गोठविण्यात आल्या आणि शिक्षक, परिचारिका, कारकून यांचे पगार थकले. मुलींना माध्यमिक शाळांची दारे बंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचीही.

याचा अर्थ परकीय सैन्याने कायम ठाण मांडावे, असा मुळीच नव्हे. दुसऱ्याच्या संगिनींवर उभे राहणे कोणत्याही राष्ट्राला भूषणावह नाही. परंतु वीस वर्षांत स्वतःच्या महसुलावर चालणारा कारभार उभा राहिला नाही, हे अपयश माघारीच्या दिवसाचे नव्हे. ते त्याआधीच्या सर्व वर्षांचे आहे. माघारीची तारीख राजधान्यांत ठरते. त्यानंतरच्या महिन्यात गावच्या शिक्षकाला पगार कोण देणार, हा प्रश्न मात्र तेथे क्वचितच विचारला जातो.