नीसमध्ये खोली घेण्याआधी

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात मुक्काम ठरवताना बहुतेक जण एकाच अटीपासून सुरुवात करतात: खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे. इतक्या लांब जायचं, एवढे पैसे मोजायचे आणि खिडकीसमोर शेजारची भिंत, हे कुणालाच नको असतं. पण नीसचा समुद्र पाहायला खोली लागत नाही. ‘प्रॉमनाड देझांग्ले’ हा समुद्रालगतचा फिरण्याचा रस्ता साधारण 7 किलोमीटर लांब आहे आणि तिथल्या निळ्या खुर्च्यांवर कुणीही फुकट बसू शकतं. खोलीकडून आपल्याला हवी असते ती शांत झोप. शिवाय जिना गुडघ्यांना झेपणारा हवा आणि ट्राम पायी गाठता आली पाहिजे. हे सगळं जमून वर समुद्रही दिसला तर उत्तमच. ते सोडून नुसता समुद्र घेतला, तर दर रात्री जास्त पैसे मोजूनही सहलीतले निम्मे दिवस थकव्यात जातात.

सुरुवात महिन्यापासून करावी, कारण महिना बदलला की खोलीकडून काय हवं तेही बदलतं.

जुलै-ऑगस्टमध्ये नीसला चांगलाच उकाडा असतो आणि रात्रीही हवा फारशी निवत नाही. जुन्या इमारतींतल्या पुष्कळ घरांत एसी नसतो. युरोप म्हणजे थंडी, असं धरून चालणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. एसी नाही म्हणून खिडकी उघडायची आणि खिडकी उघडली की रस्त्यावरचा गोंगाट घरात. त्यामुळे उन्हाळ्यात एसी आणि शांतता हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत.

मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीचा. हवा छान असते, पण समुद्राचं पाणी पोहायला गारच लागतं. शिवाय जवळच्या कान शहरातला चित्रपट महोत्सव मे महिन्यात असतो आणि मोनॅकोची मोटारशर्यतही त्याच सुमारास येते, तेव्हा नीसमधले दरही चढतात. फेब्रुवारीत नीसचा स्वतःचा कार्निव्हल असतो. तारखा पुढेमागे करता येत असतील, तर आधी हे सोहळे पाहून घ्यावेत.

आता नकाशा उघडू या. पश्चिमेच्या टोकाला, अगदी समुद्रालगत, विमानतळ आहे. तिथून किनारा पूर्वेकडे वळत जातो आणि ‘शातो’ नावाच्या टेकडीपाशी थांबतो. टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी जुनं शहर आहे, पूर्वेला बंदर. जुन्या शहराला लागून मासेना चौक, तिथून उत्तरेला सरळ जाणारा झाँ मेदसँ हा बाजारपेठेचा रस्ता आणि त्या रस्त्याच्या वरच्या टोकाजवळ मुख्य रेल्वे स्टेशन. स्टेशनपासून मासेना चौकापर्यंत रमतगमत चाललं तरी पाव तास लागतो.

या नकाशावर दोन ट्राममार्ग गिरवून घ्या. मार्ग 1 उत्तरेकडून येतो, स्टेशनजवळून झाँ मेदसँ रस्त्याने खाली मासेनाला उतरतो आणि जुन्या शहराच्या कडेने पुढे जातो. मार्ग 2 विमानतळावरून निघतो, शहराच्या मध्यभागी जमिनीखालून धावतो आणि बंदरापाशी संपतो. दोन्ही मार्ग झाँ मेदसँ आणि गॅरिबाल्डी या थांब्यांवर भेटतात. विमानतळाची ट्राम थेट मुख्य स्टेशनला जात नाही, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. झाँ मेदसँला उतरून मार्ग 1 ची गाडी धरायची, पुढचाच थांबा स्टेशनचा.

रेल्वेचं महत्त्व वेगळंच आहे. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे आहेत. अनवाणी चालताना ते चांगलेच टोचतात आणि लहान मुलांना किल्ले करायला काही उरत नाही. वाळू हवी असेल तर ज्वाँ-ले-पँ किंवा कानला जावं लागतं. लोकल गाडीने व्हिलफ्रांश दहा मिनिटांच्या आत येतं, मोनॅको साधारण पंचवीस मिनिटांत. ज्यांना रोज असं एकेक गाव करायचंय, त्यांना समुद्रापेक्षा स्टेशनजवळची खोली जास्त सुख देते.

यानंतर वस्त्या. जुन्या शहराचे फोटो पाहून कुणालाही तिथेच राहावंसं वाटतं: गेरू आणि पिवळ्या रंगाच्या भिंती, हिरव्या झडपा, दोघे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या. तिथे जरूर फिरावं. राहायचं असेल तर दिवसाचा क्रम समजून घ्यावा. कूर सालेया या लांबट चौकात भल्या पहाटे भाजी-फुलांच्या गाड्या लागतात, पेट्या आपटतात, मंडप उभे राहतात. दुपारी भाजीवाले आवरतात, फरशी पाण्याने धुतली जाते आणि तिथेच रेस्टॉरंटची टेबलं पसरतात. आसपासच्या गल्ल्यांतले बार रात्री उशिरापर्यंत भरलेले असतात. सोमवारी भाजीऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. चौकावरच्या खोलीत हे सगळे आवाज क्रमाने येतात. शिवाय गल्ल्यांत गाडी शिरत नाही, म्हणजे टॅक्सी जिथे सोडेल तिथून बॅगा ओढत जायचं, आणि पुष्कळ इमारतींत लिफ्ट नाही. तरुण जोडप्याला हे चालून जाईल. आई-बाबा बरोबर असतील तर मी तरी तिथे खोली घेणार नाही.

कुटुंबासाठी मला सगळ्यात आवडते ती स्टेशन आणि समुद्र यांच्यामधली ‘म्युझिसिएँ’, म्हणजे संगीतकारांची वस्ती. रस्त्यांना रॉसिनी, व्हेर्दी, बर्लिओझ अशी नावं आहेत. रस्ते सपाट, इमारती जुन्या पण ऐसपैस, लिफ्ट असण्याची शक्यता जास्त, आणि समुद्रही पायी गाठता येतो. स्टेशनला अगदी खेटून असलेले रस्ते स्वस्त पडतात, मात्र तिथे एका गल्लीत छान आणि पुढच्या गल्लीत कटकट असा प्रकार असतो, म्हणून नेमकी गल्ली विचारल्याशिवाय ठरवू नये.

रुळांच्या उत्तरेला लिबेरासिओं ही वस्ती आहे. पर्यटक कमी, स्थानिक माणसं जास्त. सोमवार सोडून सकाळी भाजीबाजार भरतो आणि ट्रामचा मार्ग 1 दाराशी. घर घेऊन स्वयंपाक करणार असाल तर ही जागा आवर्जून पाहावी. बंदराचा भाग त्या मानाने शांत आणि देखणा, विमानतळाची ट्राम थेट तिथे येते, पण मुख्य स्टेशन लांब पडतं. सिमिएझ टेकडीवर चित्रकार मातीसचं संग्रहालय आणि रोमन अवशेष आहेत, हवा मोकळी आहे, पण प्रत्येक वेळी बसची वाट पाहावी लागते. विमानतळाजवळची हॉटेलं फक्त पहाटेच्या विमानापुरती.

हॉटेल की घर, हा निर्णय बहुधा जेवणावर येऊन ठरतो. नीसची ‘सोक्का’ हरभऱ्याच्या पिठाची, आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या जवळची आणि अंड्याशिवायची. पण इथल्या प्रसिद्ध सॅलडमध्ये आणि ‘पाँ बान्या’ या गोल पावात सहसा मासे असतात. कांद्याच्या ‘पिसालादिएर’वरही छोटे खारे मासे ठेवलेले असतात आणि ते पटकन ओळखू येत नाहीत. काटेकोर शाकाहारी मंडळी किंवा पथ्य असणारे आजी-आजोबा बरोबर असतील, तर छोटं का होईना स्वयंपाकघर असलेलं घर घ्यावं. कुकर नेणार असाल तर शेगडी इंडक्शनची आहे का ते आधी विचारा. ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटत नाही, ते इंडक्शनवर तापत नाही.

घर घ्यायचं ठरलं की जाहिरात शब्दन् शब्द वाचायची. ‘स्टुडिओ’ म्हणजे एकच खोली, त्यातच ओटा. ‘टी-2’ किंवा ‘द प्येस’ म्हणजे एकूण दोन खोल्या: एक दिवाणखाना आणि एक झोपायची. आपल्या भाषेत वन बीएचके. ‘टी-2’ म्हणजे दोन बेडरूम असं समजून चौघांसाठी घर घेतलं, की दोघांना रोज रात्री सोफा उघडून त्यावर झोपावं लागतं. ‘कानापे-ली’ हा शब्द दिसला की समजावं, हाच तो सोफा. ‘चौघांसाठी’ म्हणून दाखवलेल्या छोट्या घरात दोघांची सोय बहुधा त्याच्यावर असते.

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये देतात. 20 चौरस मीटर म्हणजे साधारण 215 चौरस फूट. पलंगाची रुंदीही पाहा. दोघांचा म्हणून दाखवलेला फ्रेंच पलंग पुष्कळदा 140 सेंटिमीटरचा, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास असतो.

‘साँ आसाँसर’ म्हणजे लिफ्टशिवाय. जाहिरातीत मजला लिहिलाय आणि लिफ्टचा उल्लेखच नाही, तर लिफ्ट नाही असं धरून चालावं. असलीच तरी जुन्या इमारतींतली लिफ्ट इतकी अरुंद असते की माणूस एका खेपेत आणि बॅग दुसरीत. ‘रे-द-शोसे’ म्हणजे तळमजला. जिना वाचतो, पण अरुंद गल्लीत तळमजल्याला उजेड कमी आणि रस्त्याची बडबड थेट उशाशी.

‘व्ह्यू मेर’ म्हणजे समुद्राचं दृश्य. त्याला ‘लातेराल’ जोडलेलं असेल तर समुद्र बाजूने दिसतो, कधी कधी बाल्कनीच्या टोकाला जाऊन मान वळवली तरच. समोरासमोर समुद्र असलेल्या खोल्यांना आणखी एक बाजू आहे: प्रॉमनाडला लागूनच वाहनांचा मोठा रस्ता आहे. तिथली खोली घेणार असाल तर खिडक्यांना दुहेरी काच आहे का, हे नक्की विचारावं.

एसीला फ्रेंचमध्ये ‘क्लिमातिसासिओं’ म्हणतात. फोटोत भिंतीवर एसी दिसतो का ते पाहा. पुष्कळदा ‘हवेशीर’ म्हणून नुसता पंखा असतो.

जाहिरात पटली की जागा नकाशावर तपासायची. घराचा नेमका पत्ता बुकिंगनंतरच कळतो, आधी फक्त एक वर्तुळ दाखवतात. म्हणून मालकाला ट्रामच्या सर्वांत जवळच्या थांब्याचं नाव विचारा. ‘मध्यवस्तीपासून दहा मिनिटं’ या वाक्यात ती मिनिटं पायी की मोटारीने, हे लिहिलेलं नसतं. नावात ‘नीस’ असलेली काही घरं प्रत्यक्षात विमानतळापलीकडच्या साँ-लोराँ-द्यु-व्हार गावात निघतात. माँ बोराँसारख्या टेकडीवर नकाशावरचे 300 मीटर म्हणजे चक्क चढण असते. रस्त्याचे फोटो दाखवणारी नकाशाची सोय उघडून थांब्यापासून दारापर्यंत एकदा डोळ्यांनी चालून या.

परीक्षणं वाचताना गुण पाहत बसू नका. आपण जाणार त्याच महिन्यातली परीक्षणं शोधा आणि त्यांत आवाज, उकाडा, जिना यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. फेब्रुवारीत राहून गेलेल्या माणसाला ऑगस्टची रात्र माहीत नसते.

पैशांचं थोडक्यात. भाड्याशिवाय साफसफाईचं शुल्क आणि ‘ताक्स द सेजूर’ हा पर्यटक-कर लागतो. तो दर माणशी, दर रात्री असतो. 18 वर्षांखालच्यांना माफ आहे. काही हॉटेलं तो तिथे पोहोचल्यावर वेगळा घेतात. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घराच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल, किंवा संकेतस्थळाबाहेर थेट बँकेत पैसे पाठवा असा आग्रह होत असेल, तर ते घर सोडून द्यावं, कितीही स्वस्त असलं तरी.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो आणि अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग करा, चार पैसे जास्त गेले तरी. बुकिंगच्या कागदावर प्रत्येक प्रवाशाचं नाव पारपत्राप्रमाणे यायला हवं. पुष्कळ कागदांवर फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाव येतं आणि बाकीच्यांचे अर्ज अडतात. एकही रात्र मोकळी सोडू नका.

नीसजवळच्या सोफिया अँटिपोलिस या तंत्रज्ञान-नगरीत काम करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहणार असाल, तर त्यांनी ते राहतात त्या गावच्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासिओं दाक्यय’, म्हणजे पाहुण्यांना घरी ठेवून घेत असल्याचं प्रमाणपत्र, काढून पाठवावं लागतं. ते एका दिवसात मिळेलच असं नाही, म्हणून तारखा ठरताच त्यांना कळवावं.

शेवटचं काम निघण्याच्या आठवडाभर आधीचं. विमान किती वाजता उतरतं ते मालकाला लिहून कळवा आणि किल्ली कोण, कुठे देणार ते ठरवा. फ्रान्समधल्या जुन्या इमारतींत घरांना बहुधा नंबर नसतात. खालच्या दाराला आकडी कोड असतो आणि घंटीच्या पाटीवर आडनावं असतात. म्हणून कोड, घंटीवरचं नाव, मजला आणि जिना चढून वर आल्यावर दार डावीकडचं की उजवीकडचं, एवढं विचारून कागदावर उतरवून ठेवा. रात्री अकराला फोनची बॅटरी संपलेली असते, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.